दा यान ता (मोठा रानहंस पॅगोडा), शीआन

चीनच्या शान्शी प्रांतातल्या शीआन शहरात, जुन्या तटबंदीच्या बाहेर दक्षिणेला, छ-एन मंदिराच्या आवारात असलेला विटांचा सात मजली मनोरा. उंची साधारण ६४ मीटर. शीआन म्हणजेच पूर्वीचं चांगआन, थांग राजवटीची राजधानी. ह्युएनत्संगाने (आपल्या शाळेच्या पुस्तकात युआन श्वांग) भारतातून नेलेल्या पोथ्या आणि मूर्ती ठेवायला हा मनोरा इ.स. ६५२ मध्ये बांधायला घेतला. मंदिर त्याच्या थोडंसं आधीचं, ६४८ चं, युवराज ली झ याने (पुढे सम्राट गाओझोंग) आईच्या स्मरणार्थ बांधलेलं.

ह्युएनत्संग चांगआनहून निघाला ते ६२७ ला की ६२९ ला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, परतला मात्र ६४५ मध्ये हे पक्कं आहे. सोबत ६५७ ग्रंथ आणले असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या मनात ३०० चिनी फुटांचा दगडी मनोरा होता, पण एवढं बांधकाम झेपणार नाही म्हणून सम्राटाने विटांचा आणि लहान करायला लावला, मग १८० फुटांवर भागलं. चरित्रात असंही आहे की त्याने स्वतः टोपल्या उचलल्या, विटा वाहिल्या आणि काम दोन वर्षं चाललं. ही गोष्ट शिष्यपरंपरेतून आलीय, त्यामुळे थोडं भक्तीचं मीठ धरूनच वाचावं.

मूळ मनोरा पाच मजली होता, घडण चिनी नव्हती तर ‘पश्चिमेकडच्या देशांची’ होती, म्हणजे भारताकडची, एवढं चरित्रात स्पष्ट आहे. नमुना नेमका कुठला यावर वाद आहे. काही जण बोधगयेच्या महाबोधी मंदिराकडे बोट दाखवतात, काही जण दक्षिणापथातल्या एका पाच मजली लेण्याचा दाखला देतात, ज्याचं वर्णन ह्युएनत्संगाच्या दोनेकशे वर्षं आधी चिनी भिक्षू फाह्यान करून गेला, पण फाह्यान स्वतः तिथे गेलाच नव्हता, ऐकीव माहिती लिहिलीय, त्यामुळे बोधगयेचं मत जास्त पटतं. रानहंस हे नाव मगधातल्या कथेवरून आलं असं बहुतेक मानतात: मांस खाणाऱ्या भिक्षूंसमोर उडणारा हंस आकाशातून खाली पडला, भिक्षू वरमले आणि त्यांनी त्याच्यावर स्तूप बांधला. ‘मोठा’ हे नंतर लागलं, शहरात दुसरा छोटा मनोरा झाल्यावर.

पहिली इमारत पन्नास वर्षांत खचली. आतला गाभा मातीचा आणि वर विटांचं आवरण, हे त्याचं कारण देतात. सम्राज्ञी वू झथिएनच्या काळात, ७०१ ते ७०४ च्या दरम्यान, मनोरा नव्याने बांधला गेला आणि आता प्रश्न येतो मजल्यांचा. कवी झांग बायुआन दहा म्हणतो, ७५२ मध्ये मित्रांसोबत वर चढलेला कवी त्सन शन सात म्हणतो. पूर्वी दहा होते, लढायांत किंवा भूकंपात वरचे तीन पडले, अशी जुळवाजुळव बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण प्रत्यक्ष चढलेल्या माणसाचा आकडा आज दिसणाऱ्या सातशी जुळतोय तर तीन मजले पाडायची गरज काय, असा सरळ विचार केला तर सातच बरे. बाहेरून दिसणारी वीट मात्र थांग काळची नाही, ती मिंग काळात १६०४ च्या सुमारास चढवलेली. तेव्हा थांग काळची वास्तू बघतोय म्हणून फोटो काढणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं चांगलं.

थांग काळचं खरं बघायचं ते खाली, दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना, ६५३ चे दोन शिलालेख. मजकूर दोन सम्राटांचा, अक्षर थांग काळच्या नामवंत सुलेखनकार छू स्वेलियांगचं. आधी ते सगळ्यात वरच्या दगडी खोलीत होते. राजदरबारच्या परीक्षेत पास झालेले तरुण मनोऱ्यावर नावं लिहीत, त्यात कवी बाय ज्युईसुद्धा होता. भूजल उपसल्यामुळे मनोरा विसाव्या शतकात एका अंगाला कलला, १९९० च्या दशकात झुकाव साधारण एक मीटर होता, उपसा कमी केल्यावर थोडा सावरला.

छोटा रानहंस पॅगोडा (श्याओ यान ता) ७०७ ते ७०९ मधला, भारतात समुद्रमार्गे गेलेल्या चिनी भिक्षू इत्सिंगच्या पोथ्यांशी जोडलेला. मूळ १५ थर, १५५६ च्या महाभूकंपानंतर १३ उरले. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत चिरला आणि १५२१ च्या भूकंपात चीर रातोरात मिटली असं दाराच्या चौकटीवरचा १५५५ चा लेख सांगतो. लेख घटनेनंतर ३४ वर्षांनी कोरलेला, हे इथे नोंदवावं लागतं. १९६४-६५ ला दुरुस्ती झाली. दोन्ही मनोरे २०१४ पासून रेशीममार्गाच्या जागतिक वारशात आहेत.

मराठी वाचकाला यात घरचा धागा आहे. ह्युएनत्संगाने साधारण ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहिलं, माणसं मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी म्हणून. पूर्व सीमेवरच्या डोंगरातलं लेणं आणि दारातले दगडी हत्ती हे त्याचं वर्णन अजिंठ्याचं मानतात, तो तिथे स्वतः गेला की नाही हे वेगळं. राजधानी नाशिक की दुसरं काही, हा वाद जुनाच.

शहरातल्या बागांत नवं-जुनं ओळखून फिरावं. थांग फुरोंग उद्यान सगळं २००५ चं, जुन्या थाटात बांधलेलं. शिंगछिंग बाग राजवाड्याच्या जागेवर, १९५८ ला उघडली. दामिंग राजवाड्याच्या जागेवर २०१० पासून मोठं वारसा उद्यान आहे, राजवाडा थांगच्या शेवटी जळाला, आता बहुतेक चौथरेच. १३.७ किलोमीटरची तटबंदी मिंग काळची, तिच्यावर भाड्याची सायकल चालवता येते. पॅगोड्याला मेट्रोच्या ३ आणि ४ नंबर लाईनने जायचं, मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं.