वऱ्हाडातली बालकविता: आधी भुलाबाई, मग बी

मराठी बालकवितेचा इतिहास सांगायला बसलं की आपली गाडी पुण्या-मुंबईच्या मासिकांपासून सुटते. वऱ्हाडातल्या खेड्यांत ती मासिकं पोचायच्या कितीतरी आधी पोरींच्या तोंडी कविता होती, आणि ती चिऊकाऊची नव्हती. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाईच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या, मातीच्या मूर्ती बसतात. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्यांवर गाणी चालतात आणि शेवटी डबा खुळखुळवून खाऊ ओळखायचा. गाणारी पोर आठ-दहा वर्षांची. गाण्यात मात्र सासू, नणंद आणि माहेरची वाट.

कारल्याच्या वेलाचं गाणंच घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. लावला, तर म्हणे कारली लागू दे. लागली, तर भाजी कर, जेव, मग जा. दर कडव्याला एक काम वाढतं, चाल तीच. पाठ करायला याहून सोपी रचना नाही, आणि सासुरवास इतका नेमका सांगितलेला निदान मी तरी वाचलेला नाही. हे रचणारी कोण, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

नाव सांगता येतं ते नारायण मुरलीधर गुप्ते यांचं. बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापूरला १८७२ साली जन्म, पोटासाठी कारकुनी, आणि टोपणनाव एकाच अक्षराचं: बी. 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ मध्ये आला, तेव्हा कवी साठीच्या पुढे होते. 'चाफा बोलेना' गुणगुणणाऱ्या कित्येकांना ते कुणाचं, हे आजही ठाऊक नसतं!

बी काही मुलांचे कवी नव्हेत. पण त्यांची 'माझी कन्या' शाळेच्या पुस्तकातून घरोघर गेली. बड्या घरच्या मुली रेशमी पोलकी घालून मिरवतात, त्यातली एक कवीच्या लेकीला भिकारीण म्हणते, ती रडत बापाकडे येते. बाप विचारतो, चिखलात उगवलं म्हणून कमळ भिकारी होतं का? मग माझ्यामुळे तू कशी भिकारी? पुढचं त्याचं तत्त्वज्ञान शाळकरी पोरांच्या डोक्यावरून जातं. ते पोलकं आणि तो टोमणा मात्र पक्का लक्षात राहतो. कपड्यांवरून हिणवलं जाणं खेड्यातल्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

भुलाबाईच्या गाण्यातली सून आणि बींची लेक, दोघी दुखावलेल्या. इथली बालकविता लाडिक कमी नि तक्रारखोर जास्त का, याचं मूळ मला इथे दिसतं.

पुढे १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, १९७१ मध्ये तिचं 'किशोर' मासिक निघालं आणि छापील कविता खेड्यातल्या शाळेपर्यंत येऊ लागली. भुलाबाई अजून बसते. फक्त कोजागिरीच्या मखराला ज्वारीचे पाच धांडे, म्हणजे ताटं, लागतात, आणि शिवारात आता जिकडेतिकडे सोयाबीन नि कपाशी. धांड्यांसाठी पोरींना दुसऱ्याच्या वावरात विचारत फिरावं लागतं.