'इंटर्नलला कोण विचारतं?' : एक खुलासा

ठाणे, वाशी, नेरुळच्या कॉलेज ग्रुपांवर नव्या मुलांना वर्षानुवर्षं मिळणारा सल्ला: 'इंटर्नल नावापुरतं असतं, शेवटचा पेपर चांगला गेला की सेमिस्टर निघतं.' (इंटर्नल म्हणजे कॉलेजातच होणारं अंतर्गत मूल्यमापन.)

तो पटतो, कारण दहावी-बारावीला मुख्य भिस्त बोर्डाच्या पेपरवर असते. कॉलेजचा हिशेब वेगळा असतो. समजा, एका विषयाची विभागणी ६०-४० आहे. लेखी पेपर ६० चा, बाकीचे ४० इंटर्नलचे, म्हणजे चाचणी, प्रोजेक्ट, प्रेझेंटेशनचे. पेपरात ५० मिळाले, पण इंटर्नलला १०. बेरीज ६०. इंटर्नलला ३२ असते तर त्याच पेपरवर ८२ झाले असते.

शिवाय अनेक अभ्यासक्रमांत दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. किमान ४० टक्क्यांची अट असेल तर इंटर्नलला १६ हवेतच. म्हणजे पेपरात ५० मिळवणाऱ्या याच मुलाला केटी लागते, म्हणजे राहिलेला भाग पुन्हा द्यावा लागतो! मेहनती मुलांचं असं नुकसान पाहून खरंच वाईट वाटतं.

याचा अर्थ लेखी परीक्षा दुय्यम, असाही नाही. ६० चा भाग मोठाच आहे.

पडताळायला सोपं आहे. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या विषयाचा सिलॅबस उतरवा आणि त्यातली मूल्यमापनाची योजना वाचा. सीनियरच्या गुणपत्रिकेवर दोन्ही भागांचे गुण आणि किमान गुण वेगळे दिलेत का, तेही बघा. विभागणी विषयागणिक बदलू शकते. प्रॅक्टिकलच्या विषयांची तर आवर्जून वेगळी तपासा. शंका उरली तर चाचणीच्या आधीच विषयशिक्षकांना विचारा.