क्रीडादिनाचे कापड व पोशाख (1900–1920)

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील लहान शहरांत वर्षातून एखाददुसऱ्या सुट्टीला क्रीडादिन भरे आणि सारे गाव मैदानावर लोटत असे. कॅनडात यासाठी 24 मे किंवा 1 जुलै ठरलेला, अमेरिकेत 4 जुलै. ब्रिटनमध्ये 1902 आणि 1911 या राज्याभिषेकाच्या वर्षांत असे सोहळे गावोगाव झाले. सकाळी बँड व मुलांची मिरवणूक, दुपारी शर्यती, संध्याकाळी बक्षिसे, असा साधारण क्रम असे. या दिवसासाठी लोक नवे कपडे शिवत, आणि त्याच कपड्यांत पळतही. नटणे आणि पळणे ही दोन्ही कामे एकाच कापडाकडून करून घ्यावी लागत, म्हणून त्या काळचा सामान्य माणसाचा पोशाख समजून घ्यायला फॅशनच्या चित्रांपेक्षा क्रीडादिन जास्त उपयोगी पडतो.

कपडे बहुतेक घरीच शिवले जात. शिलाई मशीन मध्यमवर्गीय घरांत पोहोचले होते. बटरिक कंपनीने 1863 पासून विकायला काढलेले कागदी नमुने सर्वत्र मिळत. दुकानदार ताग्यातून वारावर कापड मोजून देई. सुती कापडाचा पन्हा बहुधा 27 ते 36 इंच, लोकरीचा 54 इंचांपर्यंत, त्यामुळे किती वार घ्यायचे हा हिशेब कापडागणिक बदले. त्यात आटण्याची भीती वेगळीच. कारखान्यातच कापड आटवून देणारी सॅनफोरायझिंगची पद्धत 1930 च्या सुमारास आली. तोपर्यंत जाणत्या बायका कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कातरीखाली घेत. ज्यांनी ही मेहनत टाळली त्यांच्या मुलींचे झगे पहिल्या धुण्यानंतर आखूड होत.

मुलींसाठी पांढरी मलमल, किंवा लॉन आणि केंब्रिक यांसारखी तलम कापडे ही क्रीडादिनाची ठरलेली निवड होती. अंगावर चुण्यांच्या ओळी, मध्ये लेसची पट्टी आणि कमरेला साटीनची रिबन. पांढरे कापड उकळत्या पाण्यात धुता येई आणि त्याचा रंग जाण्याची धास्ती नसे. रंगीत कापडाच्या मानाने हा मोठाच फायदा. पण गवताचा हिरवा डाग आणि चिखल यांच्यापुढे ते हतबल ठरे. असा एक झगा तयार करायचा म्हणजे धुणे, नीळ देणे, खळ घालणे, ओलसर असतानाच गुंडाळून ठेवणे आणि चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने एकेक चुणी बसवणे. मिरवणुकीतल्या त्या शुभ्र रांगेमागे आदल्या दोन दिवसांचे घरातल्या बायकांचे श्रम असत. वर्तमानपत्रांतल्या वृत्तान्तांत मुलींचे कौतुक येई, या श्रमांचा उल्लेख क्वचितच.

रोजच्या वापराला चौकड्यांचे गिंगहॅम, छापील कॅलिको आणि पर्केल ही सुती कापडे होती. मर्सराइझ केलेल्या सुताने त्यांत चकाकीची भर घातली. जॉन मर्सरने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधून 1850 मध्ये पेटंट घेतले होते, पण सूत ताणून धरून ती केली तर रेशमासारखी झळाळी येते हे हॉरेस लो याने 1890 च्या सुमारास दाखवले. त्यामुळे रेशीम न परवडणाऱ्या घरातही सणाला चमकदार कापड आले.

पळण्यासाठी खरे उपयोगी कापड होते गडद निळी सर्ज. तिरप्या विणीचे हे लोकरी कापड चिवट, मळखाऊ आणि चुण्या धरून ठेवणारे. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या इंग्लंडमधील शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात 1890 च्या दशकात बिनबाह्यांचा, खांद्यापासून मोकळा सुटणारा जिमस्लिप रूढ झाला. तिथे शिकलेल्या शिक्षिकांबरोबर तो शाळाशाळांत पोहोचला. कॉर्सेट नाही, कंबर आवळलेली नाही, घोटे मोकळे. प्रौढ स्त्री असा पोशाख रस्त्यात घालू शकत नव्हती, पण शाळेच्या कवायतीत तो गावासमोर आला आणि कुणाला वावगे वाटले नाही. स्त्रियांच्या पोशाखातील बदलाचे श्रेय पॅरिसच्या शिंप्यांना देण्याची पद्धत आहे. त्यातला मोठा वाटा या सर्जच्या झग्याला द्यायला हवा.

पुरुषांचे सोपे होते: पांढऱ्या फलालीनची (मऊ लोकरी कापडाची) पँट, ब्लेझर, किंवा सरळ कोट काढून शर्टाच्या बाह्या वर. स्पर्धकांना मात्र अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनसारख्या हौशी खेळाडूंच्या संस्थांच्या नियमांनुसार खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकावे लागे. फलालीनची स्वस्त सुती नक्कल म्हणजे फ्लॅनेलेट. तिची लव झटकन पेट घेई आणि भाजून मुले दगावत. न पेटणारे म्हणून खोटे कापड विकण्यावर ब्रिटनमध्ये 1913 मध्ये कायदा करावा लागला.

मैदानावर कापड इतर रूपांतही होते. पताका पातळ लोकरी बंटिंगच्या. अंतिम रेषेवर छातीने तोडायची ती लोकरीचीच दोरी. पोत्यांच्या शर्यतीतली पोती तागाची, आणि त्या ताग उद्योगात तोवर कलकत्त्याच्या गिरण्या स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या पुढे निघाल्या होत्या. रस्सीखेच तर 1900 ते 1920 ऑलिंपिकमध्येही होती. विवाहित स्त्रियांसाठी सुईत दोरा ओवण्याची शर्यत असे: पुरुषाने सुई घेऊन धावायचे, स्त्रीने दोरा ओवून द्यायचा. या शर्यतीत लांब स्कर्टची अडचण होत नसे, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण मानता येईल. 1910 च्या सुमारास घोट्याशी आवळलेला हॉबल स्कर्ट आला. त्यात पाऊल टाकणेच कठीण, धावणे दूरच.

रोख बक्षीस घेतले की खेळाडूचे हौशीपण जाई. त्यामुळे, आणि व्यापाऱ्यांना जाहिरातही हवी असल्यामुळे, बक्षिसे पुष्कळदा वस्तूंची असत. कापडवाला पोशाखापुरते कापड, छत्री किंवा हॅट देई, आणि देणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात विजेत्याच्या नावाशेजारी छापून येई.

पहिल्या महायुद्धात क्रीडादिन रेडक्रॉसच्या निधीसाठी भरू लागले. जगाच्या रंगउद्योगावर जर्मनीची पकड होती. कृत्रिम नीळही बीएएसएफ या जर्मन कंपनीने 1897 मध्ये बाजारात आणलेली. नाकेबंदीने तो पुरवठा तुटला, आणि दुकानदारांनी पक्क्या रंगाची हमी देणे सोडले. त्याच वर्षांत स्कर्ट घोट्याच्या वर गेले आणि विणलेल्या जर्सीचे कपडे आले. व्हिस्कोसपासून (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या द्रवापासून) केलेले कृत्रिम रेशीम कोर्टोल्ड्स कंपनी 1905 पासून कॉव्हेंट्रीत बनवत होती. ते मोज्यांत आणि रिबनींत दिसू लागले, पण ओले झाले की कमजोर पडत असल्याने मैदानावर त्याचा भरवसा नव्हता.

आज संग्रहालयांत या काळचे पांढरे भरतकामाचे झगे भरपूर आहेत, साधी सर्ज फार थोडी. आईचा सर्जचा स्कर्ट फाटला की त्यातून मुलाची चड्डी निघे, तीही विरली की चिंध्यावाला घेऊन जाई. यॉर्कशरमधील बॅटली आणि ड्यूजबरी येथील गिरण्या अशा लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढत आणि त्याचे ‘शॉडी’ नावाचे कापड विणत. ज्या कपड्यांत लोक खरोखर धावले, ते बहुतेक या वाटेने संपले.