काचेवरचे ठिपके आणि वाळूवरची साय

घरच्या फिश टँकमध्ये हिरवं दिसलं की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला: "सकर मासा सोड की एक, सगळं चाटून खातोय बघ." मी सोडला. त्यानं काचेवरचा मऊ थर खाल्ला, पण वाळूवर पसरलेल्या गडद हिरव्या सायीला तोंडसुद्धा लावलं नाही. खरं तर ती साय शेवाळ नव्हतीच.

तिला म्हणतात नील-हरित शेवाळ, पण हे जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. पेशीत केंद्रक नाही, तरी झाडासारखं उजेडावर अन्न तयार करतात, म्हणून शेवाळ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. राधानगरी-गगनबावड्याकडच्या भातकऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. खाचरात खत म्हणून सोडतात ते निळं-हिरवं शेवाळ याच कुळातलं. या कुळातले बरेच जण हवेतला नायट्रोजन पकडतात. त्यामुळं टाकीतलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नायट्रोजनचं खाद्य, शून्यावर आणून यांची उपासमार होईलच असं नाही. उलट झाडं मागं पडतात आणि यांचं फावतं.

ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट बरं. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे गोल, हिरवे ठिपके असतील आणि नखानं खरवडूनही हलत नसतील, तर ते खरं हिरवं शेवाळ. सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरियाची साय, बोट लावताच निसटतं, आणि दुधावरची साय काढावी तसा त्याचा अख्खा पापुद्रा उचलून येतो. पापुद्र्याखाली हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. मग बोटाचा वास घ्या. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट, मातकट वास आला की शंका नको.

ठिपक्यांचा त्रास फारसा नाही. दिवा जास्त वेळ आणि जास्त प्रखर चालतो किंवा झाडांच्या टाकीत फॉस्फेट कमी पडतं, तेव्हा ते वाढतात. दिवा टायमरवर 6 ते 8 तास, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, आणि काच असेल तर ब्लेड. अॅक्रिलिकला ब्लेड लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. तिथं जुनं एटीएम कार्ड चालतं. नेराइट गोगलगायीही हे ठिपके खातात.

सायनोचं मूळ बहुतेक वेळा वाळूत साठलेली घाण आणि न हलणारं पाणी. आधी नळीनं पापुद्रे ओढून काढा. नुसते घासले तर तुकडे टाकीभर पसरतात. मग दिवा बंद करून तीन दिवस टाकीवर घोंगडं टाका. खाणं बंद ठेवा. हवेचा पंप मात्र चालूच हवा, कारण मेलेले जिवाणू कुजताना प्राणवायू खातात. चौथ्या दिवशी क्लोरीन घालवलेल्या पाण्यानं निम्मं पाणी बदला आणि फिल्टरचा झोत पाणी न हलणाऱ्या त्या कोपऱ्याकडं वळवा. हा झोत विसरलात तर महिन्याभरात साय परत.

जिवाणू आहे म्हटल्यावर काही जण मेडिकलमधून एरिथ्रोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध आणून टाकतात. गुण येतो, हे खरं. पण फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही त्यात सापडू शकतात, आणि औषधाला दाद न देणारे तेवढे मागं उरतात. ठिपक्यांवर तर त्याचा काहीच उपयोग नाही. मी तरी घोंगड्यावरच भागवतो.

राहिला तो सकर मासा. तो फूटभराच्या वर वाढतो, छोट्या टाकीत मावत नाही. मग लोक त्याला रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत सोडतात. तसं अजिबात करू नका. उजनीत असाच पसरलाय तो, मच्छीमारांची जाळी फाडतो.

खिडकीजवळच्या टाकीत सायनो बहुधा काच आणि वाळू भेटतात त्या पट्टीत सुरू होतं, कारण बाजूचं ऊन तिथं वाळूच्या आतपर्यंत पोचतं. बाहेरून वाळूच्या उंचीइतकी काळी चिकटपट्टी लावा. माझ्या टाकीला ती अजून आहे.