फ्लॅश व स्वयंचलित उद्भासन

अपुऱ्या उजेडात छायाचित्र घेताना विषयावर क्षणभर पाडलेला कृत्रिम प्रकाश म्हणजे फ्लॅश. चित्रासाठी आत घेतलेल्या प्रकाशाचे प्रमाण म्हणजे उद्भासन (एक्स्पोजर). भिंगाचे छिद्र (ॲपर्चर), झडपेचा (शटरचा) वेग आणि संवेदनक्षमता (आयएसओ) यांचा मेळ कॅमेऱ्याने स्वतः घालणे, हे स्वयंचलित उद्भासन.

फ्लॅशचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. पुष्कळ लेखक १८८७ हे वर्ष देतात. त्या वर्षी जर्मनीत अडोल्फ मीते व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची भुकटी प्रचारात आणली. मॅग्नेशियमची फीत जाळून चित्रे घेण्याचे प्रयोग त्याआधी, १८६०च्या दशकातच इंग्लंडमध्ये झाले होते. तथापि विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५१ मध्ये लंडनला लायडन घटांच्या (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या) ठिणगीने फिरत्या चक्रावरील छापील कागदाचे चित्र टिपले, ते अधिक महत्त्वाचे वाटते. भुकटी आणि फीत प्रकाश पुरवत. ठिणगीने गती गोठवली. हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१च्या सुमारास अमेरिकेत विकसित केलेला विद्युत् फ्लॅश तत्त्वतः या ठिणगीचाच वारस आहे. आजच्या फ्लॅशमध्ये धारित्रात साठवलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून सोडतात.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पुण्यातील पाताळेश्वराचा (सर्वसाधारणपणे आठव्या शतकातील मानले जाणारे लेणे) काळा कातळ चित्रात फिका उतरतो. तेथे उद्भासन मुद्दाम कमी करावे लागते. रोषणाईच्या माळांपुढे याच्या उलट घडते. दिव्यांना भुलून मापक उद्भासन घटवतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात.

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. आयएसओ १०० ला १२ मीटर मार्गदर्शकांक (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला छिद्राच्या एफ-आकड्याने भागले की पल्ला मिळतो) असलेला फ्लॅश एफ/४ छिद्राला ३ मीटरपर्यंतच पुरतो. आयएसओ ४०० केल्यास ६ मीटर. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीत पुढचा ढोलवादक लख्ख आणि मागची मूर्ती अंधारात, असे चित्र येते ते यामुळेच. त्यात हवेतला गुलाल भिंगाजवळ उजळून पांढुरके ठिपके उमटतात. बहुतेक कॅमेरे फ्लॅश लावताच झडपेचा वेग १/६० सेकंदाच्या आसपास धरतात. पार्श्वभूमीचा उजेड मात्र झडपेवर अवलंबून असतो, फ्लॅशवर नव्हे. म्हणून झडप १/१५ पर्यंत सावकाश ठेवून फ्लॅश सौम्य करावा: वादक स्थिर, टिपरूची रेघ पुसट आणि मागची रोषणाई शाबूत राहते. या पद्धतीत हात हलून चालत नाही.

गाण्याच्या मैफलीत फ्लॅश वापरू नये. तेथे मोठ्या छिद्राचे भिंग व वाढवलेली संवेदनक्षमता हाच मार्ग; चित्रात येणारा कणीदारपणा सोसण्याजोगा असतो.