खेकड्याच्या रक्तपेशी: सेमी-ग्रॅन्युलर कुठली आणि ग्रॅन्युलर कुठली?

गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या रक्तपेशींचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच, "कण दिसले ना, मग ग्रॅन्युलर!" हे ऐकून खरंच जीव जळतो, अहो कण सेमी-ग्रॅन्युलरमध्ये पण असतात, नावातच आहेत की ते, ग्रॅन्युल म्हणजे कणच.

माणसाच्या रक्ताचं तुम्हाला माहितीच आहे. खेकड्यात तांबड्या पेशी नसतातच, ऑक्सिजन नेणारं हिमोसायनिन सरळ द्रवात विरघळलेलं असतं, निळसर झाक येते ती त्यातल्या तांब्यामुळे, तेव्हा पेशींना निळ्या म्हणणं थांबवा प्लीज. पेशींचे प्रकार तीन, हायलिन, सेमी-ग्रॅन्युलर आणि ग्रॅन्युलर. त्यातली हायलिन पेशी ओळखायला सोपी, लहानशी, बरीचशी जागा केंद्रकानेच अडवलेली, कण जवळपास नाहीतच.

गोची होते ती पुढच्या दोघींत. आधी कणांचा आकार बघायचा, संख्या नंतर. ग्रॅन्युलरमध्ये कण मोठे, ठसठशीत, पेशीभर खच्चून भरलेले, फेज कॉन्ट्रास्टखाली (न रंगवलेली पेशी स्पष्ट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) चमकतात, आणि केंद्रक त्या मानाने लहान, कधी कधी एका बाजूला रेटलेलं. सेमी-ग्रॅन्युलरमध्ये कण बारीक, एकीत चार-पाच तर शेजारणीत कितीतरी जास्त, म्हणून नुसतं मोजत बसलं की हमखास फसायला होतं. पेशी बऱ्याचदा चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती.

दुसरं म्हणजे स्वभाव. सेमी-ग्रॅन्युलर फार हळवी, जिवाणूच्या किंवा बुरशीच्या भिंतीचा अंश लागला तरी कण बाहेर टाकून मोकळी होते, मोठ्या परक्या वस्तूभोवती वेढा घालण्यातही तीच पुढे. ग्रॅन्युलर इतक्या सहज फुटत नाही, पण तिच्या कणांत प्रोफिनॉलऑक्सिडेजचा, म्हणजे अजून चालू न झालेल्या एका एन्झाइमचा, मोठा साठा असतो, तो बाहेर पडून चालू झाला की मेलॅनिन बनतं, जखमेवर काळा डाग दिसतो तो त्यातूनच.

आणि ह्या हळवेपणामुळेच स्लाइड गंडते. पायाच्या बुडाशी सांध्याचा मऊ पडदा असतो तिथे सुई घालायची, पण सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं थंडगार द्रावण आधीच भरलेलं हवं, नाहीतर बघता बघता पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, सेमी-ग्रॅन्युलरचे कण उडून जातात, आणि उरलेली रिकामी पेशी तुम्ही हायलिन म्हणून मोजता. हायलिन भरमसाट आणि सेमी-ग्रॅन्युलर नावालाच असा आकडा दिसला की मी आधी रक्त कसं काढलं तेच विचारते. नुसत्या गिम्साच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर तर माझा भरवसाच नाही, जिवंत पेशी फेज कॉन्ट्रास्टखाली बघितल्याशिवाय मी प्रकार लिहीतच नाही, आणि मधलीच वाटणारी पेशी सापडली की कण बारीक असतील तर ती सेमी-ग्रॅन्युलरमध्येच टाकते.