गाडीवर लावायचा दिव्यांग बिल्ला कुठे मिळतो? आधी कार्डाचं पाहा

"भाऊ, गाडीवर लावाचा तो अपंगाचा बिल्ला कुठं भेटते?" आमच्या तालुक्याच्या सेतू केंद्रात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. परदेशात काचेला अडकवायचा निळा परवाना असतो, त्याचे फोटो मोबाईलवर फिरतात, म्हणून लोक विचारतात. आपल्याकडे राज्यभर चालेल असा पार्किंगचा वेगळा परवाना नाही. आरक्षित जागेवर गाडी लावल्यावर कुणी हटकलं तर दाखवायला एकच कागद, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. रेडियमवाला व्हीलचेअरचं चित्र कापून देतो, ते हौसेने लावा. त्याला सरकारी किंमत शून्य, कारण ते कुणालाही मिळतं.

तेव्हा बिल्ल्याचा नाद सोडा आणि कार्ड काढा. एसटीची सवलत, निराधारचं मानधन, ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी, सगळीकडे हेच कार्ड मागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन होतो आणि त्याला सरकारी फी नाही. केंद्रवाला भरण्याचे, झेरॉक्सचे पैसे घेईल तेवढेच. "अपंगत्वाचे टक्के वाढवून देतो" म्हणणारा भेटला तर उठून चालू लागा. खोटेपणाने दिव्यांगांची सवलत घेतली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यात कार्डावर ज्याचं नाव तो पहिला अडकतो.

कागद तीनच: आधार, राहण्याचा पुरावा, ताजा फोटो. जुन्या तपासण्यांचे रिपोर्ट असतील तर सोबत. ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मे अर्ज इथेच लटकतात.

पहिली अडचण मोबाईल नंबरची. गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडे मोबाईल नसतो, म्हणून केंद्रवाला आपलाच नंबर टाकून मोकळा होतो. पुढे दवाखान्याचा तपासणीचा निरोप त्याच्याच फोनवर येतो आणि शेकडो निरोपांत बुडून जातो. अर्जदार सहा महिन्यांनी विचारायला येतो, "माह्या कार्डाचं काय झालं?" ही चूक आमच्याच धंद्यातली आहे, कबूल करतो. पोराचा, पुतण्याचा, शेजाऱ्याचा चालेल, पण जो तुम्हाला हाक मारून सांगेल त्याचाच नंबर द्या. आधारला जोडलेला नंबर बंद पडला असेल तर आधी आधार दुरुस्त करा. अंगठ्यावर विसंबू नका. पऱ्हाटी वेचून वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही.

दुसरी अडचण लग्न झालेल्या बायांची. आधारवर माहेरचं गाव, माहेरचं नाव आणि राहणं सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात. पोर्टल पत्त्यावरून जिल्हा धरतं आणि दवाखाना माहेरकडचा दाखवतं. मग एवढ्यासाठी पोरीने गोंदियाहून बुलडाण्याला जायचं का? नियमात दोन वाटा आहेत: राहण्याच्या पुराव्यात जो जिल्हा आहे तिथलं वैद्यकीय मंडळ, किंवा ज्या सरकारी दवाखान्यात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथलं. दुसरी वाट काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. नागपूरच्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले असतील तर तिथली फाईल, डिस्चार्ज कार्ड, केसपेपर जपून ठेवा. केसपेपर हरवला की ही वाट बंद.

नावाचं स्पेलिंग तर विचारूच नका. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. कार्डावर आधारमधलंच नाव उतरतं, म्हणून मानधनाचं खातंही त्याच नावाचं करून घ्या.

तपासणीला जायच्या आधी ठरलेला वार फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी मंडळ आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच बसतं आणि हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे डॉक्टर एकाच दिवशी असतीलच असं नाही. पहाटेच्या एसटीने, कडेवर पोरगं घेऊन आलेल्या आईला "कानवाले साहेब आज नाहीत" असं सांगताना मी ऐकलंय. तिचा दिवस बुडाला, मजुरी बुडाली, परत यायचं भाडं अंगावर पडलं. सूचनाफलकावर एक ओळ लिहायला किती खर्च येतो?

आणखी एक. सिकलसेल हा रक्ताचा आजार २०१६ च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी, पण "पाय तर धड आहेत, याला कसलं अपंगत्व" म्हणून लोक अर्जच करत नाहीत. करा.

आता टक्के. ४० टक्क्यांखाली असलं तर कार्ड मिळत नाही, हा समज चुकीचा. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीपासून ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. बहुतेक योजनांना मात्र ४० लागतात, म्हणून ३८ वर अडकलेल्या माणसाचा जीव जळतो. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, मुदत ९० दिवस. ही मुदत निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. लोक पोस्टाने कार्ड हातात पडलं त्या दिवसापासून मोजतात आणि पोस्टमनच्या सायकलीवरच दोन महिने जातात. पोर्टलवर निर्णय दिसला की ई-कार्ड उतरवून तारीख पाहून घ्या. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा. तोंडी "नाही बसत" याला काही अर्थ नाही, अपिलाला कागद लागतो.

कार्डावरची दुसरी तारीख वैधतेची. अपंगत्व बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतं असतं. मुदत संपून मानधन बंद झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा चार महिने आधी पुन्हा तपासणीचा अर्ज टाका. आता मंडळाला निर्णयासाठी ३ महिने दिलेत, आणि ते ३ महिने ते पुरते वापरतात.

कार्ड आलं. आता गाडी.

दुचाकीला साईड व्हील लावलंत की काम संपलं असं नाही. गाडीतला बदल १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि आरटीओची परवानगी आधीच विचारून ठेवलेली बरी. लायसनही त्या गाडीचंच हवं. ही नोंद नसेल तर अपघातानंतर विमावाल्याच्या हातात आयतं निमित्त. चारचाकीत वेगळीच गंमत: गाडी वडिलांच्या सोयीसाठी घेतली, नोंद पोराच्या नावावर. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार "दिव्यांगजन" असा लिहिता येतो. शोरूमवाला विचारत नाही, तुम्हीच सांगा. राष्ट्रीय महामार्गावरची टोलमाफी दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या गाडीला आहे, खिशातल्या कार्डाला नाही. यावरून टोलनाक्यावर भांडणारे मी पाहिलेत. कार्ड दाखवून भांडले आणि पैसे भरून गेले.

जागेचं म्हणाल तर इमारतींच्या नियमांत मापं आहेत. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत किमान दोन गाड्यांची जागा, रुंदी ३.६ मीटर, वर पाटी. ही रुंदी गाडीसाठी नाही, दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची ठेवता यावी म्हणून आहे. बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनवर अशी जागा हवी, हे २०१६ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमातच आहे.

आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात काय आहे ते सांगतो. लिंबाच्या सावलीत पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन, त्यात व्हीलचेअर रंगवलेली. तिच्या चाकावर साहेबांच्या बोलेरोचं चाक. रॅम्पच्या तोंडाशी चार मोटरसायकली आडव्या. मे महिन्याच्या उन्हात पोलिओचा एक माणूस साईड व्हीलच्या गाडीवर बसून, हँडलला टॉवेल गुंडाळून, कुणीतरी गाडी काढेल म्हणून वीस मिनिटं वाट पाहत होता. शिपाई म्हणाला, "कोणाची हाय काय माहीत बाप्पा." शेवटी आम्ही दोघांनी मिळून दोन गाड्या उचलून बाजूला ठेवल्या.

दिव्यांगांच्या घरच्यांनाही एक सांगणं आहे. वडील घरी आणि तुम्ही त्यांचं कार्ड घेऊन बाजाराला, तर ती जागा तुमची नाही. ज्यांना ऐकायला येत नाही पण चालायला त्रास नाही, त्यांनीही रुंद जागा खुर्चीवाल्यासाठी सोडलेली बरी. कायद्याचं नाही, माझं मत आहे. आणि मूळ कार्ड गाडीच्या काचेत ठेवून जाऊ नका. चंद्रपूरच्या ४५ अंशांत ते पापडासारखं वाकतं, शिवाय तुमचा पत्ता येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला मिळतो. झेरॉक्स ठेवा, पत्त्यावर पट्टी लावून.

जागा अडवलेली असेल किंवा नसेलच, तर तिथेच हुज्जत घालून उपयोग नाही. कार्यालयप्रमुखाच्या नावे लेखी तक्रार द्या. तिथे समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती, नंतर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. अर्जासोबत मोबाईलवर काढलेला फोटो लावा, तारीख-वेळ दिसेल असा, गाडीच्या नंबरासकट. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच बाहेर पडा. आवक-जावकचा टेबल रिकामा असेल तर "साहेबांच्या टेबलावर ठेवून जा" हे ऐकू नका. दीड वाजता जेवायला गेलेली बाई अडीचला परत येते, तोवर थांबा.